वीतभर अंतर

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. पोलीस खात्यात उभी हयात गेली. विहिरीतून काढलेली प्रेते पाहिली, उसात पुरलेली पाहिली, आणि घरी येऊन दोन भाकरीही खाल्ल्या. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी ठाण्याच्या कट्ट्यावरून हाकलून लावत असे. पण या प्रकरणात एका बाईने समोर बसून जे सांगितले, ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची नेमणूक कर्नाटकातल्या निपाणी भागात होती. थंडीचे दिवस होते. तिकडे दिवस मावळताना नदीकाठच्या उसावर धुके उतरते आणि समोरचा माणूस हाक मारली तरच कळतो. अशाच एका संध्याकाळी बोरगावकडच्या एका पाणंदीत, शेतांमधल्या कच्च्या वाटेत, मोटारसायकलला कुणीतरी उडवल्याची वर्दी आली. आम्ही पोहोचलो. मोटारसायकल उसात शिरली होती. नवरा बांधाच्या दगडावर फेकला जाऊन जागीच गेला होता. आणि पाणंदीत, दोन चाकोऱ्यांच्या बरोबर मध्ये, त्याची बायको उताणी पडली होती. डोळे सताड उघडे. पापणी लवत नव्हती. हवालदाराने ही पण गेली असे समजून टोपी काढली, तेव्हा ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "गेली का ती गाडी?"

हवालदार जुना माणूस, पण दोन पावले मागे सरला.

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. कोपर खरचटले होते, बाकी अंगावर ओरखडा नाही. फक्त कपाळावर, भांगापासून भुवयांच्या मध्यापर्यंत, एक काळी रेघ होती. ती धुऊन जाईना. दुसऱ्या दिवशी त्या रेघेवर फोड आले.

जबाब मी स्वतः घेतला. आमच्या ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहायचा आणि मराठी माणसाला मराठीत वाचून दाखवायचा, अशी रीत. लेखनिक लिहिता लिहिता मध्येच थांबून माझ्याकडे पाहू लागला, कारण बाई सांगत होती ते असे होते. त्या भागात बायकाही स्वतःबद्दल 'पडलो, उठलो' असेच बोलतात.

"गाडीनं आमास्नी उडवलं. मी वाटंत पडलो. उठायच्या आत ती माझ्यावर आली."

"अंगावरून चाक गेलं?"

"चाक न्हाय सायेब. आख्खी गाडी गेली माझ्यावरनं. पयलं एक थंडगार बोट आलं आनि माझ्या कपाळावरनं फिरलं. हळूच. कुनी कुंकू पुसावं तसं. मग गळ्यावरनं, पदरावरनं गेलं. मग अंधार झाला. वर बगितलं तर तिचं पोट. काळं, गरम. माझ्यावरच थांबली ती. इंजान धाप लागल्यागत करत हुतं."

"मग?"

"दोन पाय उतरलं. बूट घातल्यालं. माझ्या उशाला येऊन उभं ऱ्हायलं. वाकलं न्हाईत. परत चढलं. मग गाडी गेली, आनि आबाळ दिसलं."

ती हे रडत सांगत नव्हती, म्हणून जास्त भीती वाटली. लेखनिकाने कन्नडमध्ये मला हळूच विचारले, "सर, हे लिहायचं?" मी म्हणालो, "ती बोलते ते लिही. खरं-खोटं ठरवायला कोर्ट आहे."

मी तसे म्हणालो खरा, पण गावात कोर्टाची वाट कोण पाहतो? तिसऱ्या दिवसाचे विधी आटोपताच सासू आणि दीर ठाण्यात हजर झाले. सासू म्हणजे लखलखीत नजरेची, ताठ कण्याची म्हातारी. एकुलता नव्हे, पण लाडका मुलगा गेला होता. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "जिच्या अंगावरनं गाडी जाती आनि खरचटत न्हाय, ती बाई न्हवं सायेब. हिच्यात कायतरी शिरलंय. कपाळाला शिक्का हाय बगा त्येचा."

दिराचे म्हणणे भुताचे नव्हते. त्याने सरळ फिर्याद दिली की वहिनीने कुणाला तरी हाताशी धरून भावाला मारले आणि ही गोष्ट रचली. दोघांची दोन मते, पण निकाल एकच. तिची चार वर्षांची मुलगी त्यांनी ठेवून घेतली आणि तिला माहेरी लावून दिले. मधल्या काळात एका देवऋष्याकडे नेऊन तिच्या डोळ्यांत मिरचीचा धूरही घातला होता, हे मला नंतर कळले. देवऋष्याला मी बोलावून घेतले. त्याच्या अंगात काय होते ते ठाण्यात आल्याबरोबर उतरले.

वरूनही फोन येऊ लागले. बाईला आत घ्या, दोन दिवसांत बोलेल. व्यवहाराने पाहिले तर त्यांचे चूक नव्हते. मागे बसलेली बायको धडधाकट आणि पुढे बसलेला नवरा ठार, असे असले की पोलीस आधी बायकोकडे पाहतो. ती रोज सकाळी माहेराहून येऊन ठाण्याच्या व्हरांड्यात बसायची. एकच विचारायची, "सायेब, माझी पोरगी कवा देतील?" मी म्हणायचो, तपास चालू आहे. ती मान हलवून भिंतीला टेकायची, आणि येणारे-जाणारे तिच्या कपाळाकडे पाहून वाट वाकडी करायचे. मला तिची दया यायची, आणि खरे सांगायचे तर तिची थोडी भीतीही वाटायची.

एका सकाळी ती अशीच बसली असता ऊन तिच्या तोंडावर पडले होते. फोड सुकून काळी खपली धरली होती. ती खपली पाहताना मला एकदम माझ्या आईच्या टाचा आठवल्या. थंडीत टाचांना भेगा पडल्या की ती सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायची आणि त्याचे काळे तेल भेगांत सोडायची. एकदा ते तेल माझ्या दंडावर सांडले आणि बिब्बा उतून असेच फोड आले होते. तो डाग अजून माझ्या दंडावर आहे. मी बाही वर करून तिच्या कपाळाशेजारी धरली. एकाच जातीचा डाग.

"त्या दिवशीचं लुगडं कुठं आहे?"

"हाय की. लई धुतलं. डाग जात न्हाईत."

जाणार कसे? बिब्ब्याचा डाग परिटालाही हटत नाही. पदरावर काळे ठिपके एका सरळ ओळीत उतरले होते. आता मला ते थंडगार बोट कळले. गाडीला पुढे शनिवारी बांधतात ते लिंबू-मिरची. खाली टोचलेला बिब्बा. नजर लागू नये म्हणून बांधलेली ती माळ त्या बाईच्या कपाळावरून फिरली होती. म्हणजे गाडी खरोखर तिच्यावरून गेली होती. बाई खरे बोलत होती, आणि हे त्या दिवशी तालुक्यात फक्त मला आणि तिला माहीत होते.

पण अशी गाडी कुठली? चाकोरी ट्रकची नव्हती, जीपच्या रुंदीची होती, आणि टायरचे ठसे खोल खाचांचे. शिवाय मोटारसायकलचे पुढचे चाक शाबूत होते, मार थेट हँडलला आणि नवऱ्याच्या छातीला बसला होता. साध्या जीपचा बंपर एवढा उंच नसतो. मी बेळगावहून मोटार वाहन निरीक्षकांना बोलावले. त्यांनी पाणंदीत उकिडवे बसून आम्ही पहिल्या दिवसापासून झाकून ठेवलेले ठसे पाहिले आणि म्हणाले, "साहेब, ही उचललेली गाडी आहे."

डोंगरात, चिखलात फोर-व्हील जीप चालवायचा शौक आता आपल्याकडेही आला आहे. हे शौकीन स्प्रिंग बदलून गाडी वर उचलतात आणि वर मोठे टायर चढवतात. निरीक्षकांनी मला तिथेच आमच्या गाडीवर धडा दिला. "किती उचललीय ते जमिनीपासून मोजायचं नाही. टायर बदलला, हवा कमी केली की आकडा फसवतो. टेप धरायचा चाकाच्या मध्यावर आणि न्यायचा सरळ वर, मडगार्डच्या काठापर्यंत. हे अंतर फक्त स्प्रिंगनं वाढतं. कंपनीच्या मापापेक्षा जेवढं जास्त, तेवढी गाडी उचललेली. आणि दुसरं. स्प्रिंगनं फक्त धड वर जातं, दोन चाकांमधल्या ॲक्सलचा लोंबता गोळा तिथंच राहतो. तो वर न्यायला टायरच मोठे लागतात. या गाडीला दोन्ही केलंय, म्हणून बाई वाचली."

ज्या उंचीने नवऱ्याची छाती फोडली, त्याच उंचीने बायकोला सोडले होते.

उंच जिपांचा शोध सुरू झाला. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव. होत्या तेवढ्या तपासल्या, एकही जुळेना. मग एका दुपारी पिरनवाडीच्या एका पंक्चरवाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबऱ्या. इकडच्या तिकडच्या चौकशा करून म्हणाला, "सायेब, तुमी उंच गाडी हुडकालाय व्हय? बुटकी हुडका."

"म्हणजे?"

"काकतीचा एकजण हाय. नव्या कोऱ्या मोठ्या टायरी उतरवून जुन्या झिजलेल्या घालून गेला माझ्याकडनं. कुनी करतंय का आसं? लगीन झाल्यावर पोरगी परत दिल्यागत."

बेळगावजवळच्या काकतीला गेलो. मोठे बागायतदार घर, अंगणात जीप उभी. मालक तिशीतला, आदबशीर, गोरागोमटा. त्याने खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. निरीक्षकांनी टेप काढला. चाकाचा मध्य ते मडगार्डचा काठ. चारही चाकांना मोजले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. कंपनीच्या मापाला तंतोतंत.

"गाडी कधी उचलली होती?"

"नाही साहेब. पहिल्यापासून अशीच आहे."

बंपरवर ना डाग, ना पोचा. बंपर नवा वाटत होता, पण नवा असणे हा गुन्हा नव्हे. अपघाताच्या संध्याकाळी घरीच होतो म्हणाला, आणि सांगताना डोळा चुकवला नाही. चौकशीत मी फार बोलत नाही. गप्प बसलो की समोरचा बोलतो, हा माझा अनुभव. हा मात्र माझ्याहून गप्प निघाला. मी चहा संपवला आणि मनातून खचलो. वरच्यांनी दिलेली मुदत संपत होती, उद्या त्या बाईला आत घ्यावे लागणार होते.

उठताना नजर जीपच्या पुढच्या हुकाकडे गेली. लिंबू-मिरचीची माळ होती. आदल्या शनिवारचीच. पण ती हातभर लांब होती आणि जमिनीला जवळजवळ टेकली होती. खालचा बिब्बा रस्त्याला घासून चपटा झाला होता, लिंबाची एक बाजू सोलवटली होती. आमच्या घरीही दर शनिवारी ही माळ बांधतात. मी चेष्टा करतो आणि बायको बांधते. पण जमिनीवर घासेल अशी कुणी बांधत नाही. रस्त्यावरच्या उतरून टाकलेल्या लिंबाला आपण पाय लावत नाही, मग गाडीचे लिंबू धुळीत कोण फरफटवेल?

"ही माळ कोण करतं?"

"आई करते. मी बांधतो," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज थोडा आत गेला.

त्याची आई पडवीत शेंगा फोडत बसली होती. साधी, देवभोळी बाई. मी जोडे काढून पायरीवर टेकलो आणि घरच्यासारखी चौकशी केली. "आक्का, माळ झकास करता तुम्ही. पण एवढी लांब का हो?"

तिला बरे वाटले. "त्येचं माप आस्तंय अण्णा. लिंबू आनि भुई, ह्येच्यात एक वीत ऱ्हायाला पायजे. वाटंवरचं वंगाळ लिंबानं उचलायचं, गाडीनं न्हाय. माझ्या सासूनं बैलगाडीला शिकीवल्यालं. ह्येनं गाडी उंच केली तवा मीच दोरा वाढीवला की. तवापास्नं त्येच मापाचा..."

"आई, गप!" मुलगा ओरडला.

अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने मुलाकडे पाहिले, मग आमच्या गणवेशाकडे, आणि मग हळूहळू जीपच्या हुकाकडे. तिथून तिला लिंबू धुळीत टेकलेले दिसत होते. ते बघून ती जे समजायचे ते समजली. तिचा चेहरा मला बघवला नाही.

घरात जीप बुटकी झाल्याचे तिला कुणी सांगितले नव्हते. ती दर शनिवारी देवापुढे बसून जुन्याच मापाचा दोरा कापत राहिली, आणि तो मुकाट्याने बांधत राहिला. आईने दिलेली माळ लहान करायची त्याची छाती झाली नाही, की त्याचे लक्षच गेले नाही, देव जाणे. पंचांसमोर मी माळेची लांबी मोजली. त्यात आक्काची वीत मिळवली. हुक आता होता त्याहून दोन-चार बोटांनी नव्हे, चांगला वीतभर वर निघाला.

पुढचे सोपे होते. त्यांच्याच उसाच्या मळ्यातल्या बंद गुऱ्हाळात उंच स्प्रिंगा, मोठे टायर आणि चेपलेला बंपर सापडला. ठाण्यात जीपमालक तासभरही टिकला नाही. डोंगरातून येताना हमरस्ता टाळायला पाणंदीत शिरला होता, धुक्यात मोटारसायकल दिसली नाही. हे सगळे मला कळत होते. मला एकच विचारायचे होते.

"उतरलास. मग वाकून का नाही पाहिलंस?"

बोटे मोडत तो म्हणाला, "गाडीखाली कुणीतरी आहे हे कळलं होतं साहेब. वाकलो असतो आणि तिचे डोळे उघडे असते, तर? मला ते बघायचं नव्हतं."

डोळे उघडेच होते. ती त्याचे बूट पाहत होती.

गुन्हा कबूल झाला तरी दीर ऐकायला तयार नव्हता. पैसे चारून कुणी कबूल करेल, म्हणाला. सासूचे तर एकच. गाडी कुणाची का असेना, अंगावरून जाऊन बाई वाचत नाही. मग जीपला गुऱ्हाळात सापडलेल्या उंच स्प्रिंगा आणि मोठे टायर पुन्हा चढवले आणि त्याच पाणंदीत प्रात्यक्षिक ठेवले. सकाळची वेळ, धुके अजून उठले नव्हते. निरीक्षकांनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत टेप धरला आणि मोठ्याने माप सांगितले. काकतीहून जप्त केलेली माळ हुकाला बांधली. आमची एक महिला शिपाई झोपायला तयार होती. तेवढ्यात ती बाई पुढे आली.

"मी झोपतो."

मी नको म्हणालो. नियमात ते कुठेही बसत नव्हते. ती म्हणाली, "माझ्यावरनं गेल्याली हाय सायेब. दुसरीला कशाला?"

ती चाकोरीच्या मध्ये उताणी झाली. डोळे उघडे. इंजिन बंद ठेवून आठ शिपायांनी जीप हातांनी ढकलली. फक्त टायरखाली माती दबल्याचा आवाज. धुक्यातून ती उंच, काळी गाडी इंजिनाच्या आवाजाशिवाय पुढे सरकत होती, आणि पुढे लिंबू हळूहळू डुलत होते. लिंबू तिच्या भांगाला टेकले. बरोबर खपलीवरून, वरून खाली, भुवयांपर्यंत फिरले. मग गळ्यावरून, पदरावरून. आणि ती गाडीखाली दिसेनाशी झाली.

मी हात वर केला. जीप थांबली. खालून तिचा आवाज आला, शांत, "अशीच थांबलेली."

माझ्या मागे, आम्ही बांधलेल्या दोरीपलीकडे, गाव उभे होते. त्यातून सासू निघाली. ताठ कण्याची ती म्हातारी दोरी ओलांडून जीपजवळ आली. सगळ्यांना वाटले ही आता शिव्याशाप देणार. हवालदार अडवायला निघाला, मी त्याला थांबवले. तिने मडगार्डला हात टेकला, एक गुडघा मातीत ठेवला, मग दुसरा, आणि वाकून गाडीखाली पाहिले. आत बराच वेळ पाहत राहिली. मग हात आत घातला.

"ये गं भाईर," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "पोरगी घरात वाट बगतीया."

खटला पुढे रीतसर चालला, शिक्षाही झाली. आरोपीची आई प्रत्येक तारखेला कोर्टाबाहेर बसलेली असायची. एकदा मला म्हणाली, "मी त्येच्यासाठीच बांदत हुतो अण्णा."

लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवले? मोजमाप शिकवले, असे मी थट्टेने सांगतो. खरे सांगायचे तर आम्ही सगळेच त्या बाईभोवती उभे होतो: गाव, खाते, मीसुद्धा. ती खरे बोलत होती आणि प्रत्येकाने उभ्याउभ्याच निकाल दिला होता. त्या पाणंदीत सगळ्यांत आधी गुडघे टेकले ते सत्तरीच्या म्हातारीने, आणि तिचाच मुलगा गेला होता.

बाईच्या कपाळावरचा डाग गेला नाही. मध्यंतरी निपाणीच्या बाजारात दिसली, मुलगी चांगली मोठी झाली होती. दुसऱ्या हाताला सासू होती. म्हातारीला आता नीट दिसत नाही, म्हणून खड्डा आला की ही तिच्यासाठी खाली वाकून पायाखालची वाट बघते.